माइक चालू असताना

कसबा पेठ, पुणे
६ जानेवारी २०२५

चि. सौ. स्पृहास,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत. पुढचा मजकूर मात्र नेहमीचा नाही.

काल आमोदरावांचा फोन आला होता. माझ्या गुडघ्याची चौकशी करायला म्हणून केला आणि खरंच दहा मिनिटं गुडघ्याचीच चौकशी केली. नवा गुडघा बसवून सतरा दिवस झाले, फेब्रुवारीअखेरपर्यंत डॉक्टरांनी जिना बंद केलाय, हे मी त्यांना रीतसर सांगितलं. मग म्हणाले, घरचं काय सांगू. खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलले. तू म्हणे दिवसाचे आठ-आठ तास मोबाईलवर असतेस. सासूबाईंनी पाणी मागितलं तर तिसऱ्या हाकेला ओ देतेस. कानात बोंडं घालून पोळ्या लाटतेस. परवा कुकर करपून कोळसा झाला आणि बाईसाहेब शेजारीच उभ्या होत्या!

तुझी आई गेली तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. तेव्हापासून तुझं माहेर म्हणजे मी. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. वर्गात चिठ्ठ्या फिरवणारी मुलगी मला दारातून ओळखू यायची. तू आता त्याच बाकावर जाऊन बसली आहेस, फक्त वय तेहतीस आहे.

विचारलं की 'काही नाही गं मावशी' म्हणून उडवून लावतेस, म्हणून हे पत्र. कागद घे, पेन घे आणि त्या डबीत असं काय आहे ते सविस्तर लिहून पाठव. मेसेज केलास तर वाचणार नाही. पाकिटावर तुझ्या एकटीचं नाव घातलंय, ही सवलत एकदाच. लग्न झालेल्या मुलीला पत्र दोघांच्या नावे जातं, ही आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे.

तुझी
श्यामलामावशी

बिबवेवाडी
११ जानेवारी

प्रिय मावशी,

आठ तास नाहीत. फोन स्वतःच मोजतो. मंगळवारी नऊ तास बावीस मिनिटं होते. आता तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

तो एक लुडोचा खेळ आहे. चौघी खेळतात आणि बाकीच्या नुसत्या ऐकत, बोलत बसतात. सगळ्या बायकाच. खरं नाव कोणी सांगत नाही. मी तिथे जास्वंद आहे. अकोल्याच्या दीपालीताई आहेत, त्या रोज विचारतात, 'जेवलीस का?' सासूबाईंचं कंबरेचं दुखणं सुरू झालं तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सोडली, ते तुला माहीत आहे. त्यानंतर एकदा मी घरच्यांनी दिवसभरात माझ्याशी बोललेली वाक्यं मोजली होती. चहा. मीठ कमी आहे. दार लाव. टॉवेल. संपलं. आणि इथे माझी सोंगटी घरात गेली की सहा बायका आनंदाने किंचाळतात. माझ्यासाठी याआधी कोण कधी किंचाळलं होतं?

मलाही लाज वाटते गं. तीन वेळा खेळ काढून टाकला आणि तिन्ही वेळा संध्याकाळच्या आत परत घेतला. हात फोन शोधत राहतो, अगदी फोन हातात असतानासुद्धा. कुकरच्या शिट्ट्या मला खरंच ऐकू आल्या नाहीत.

आणखी एक सांगते. माइक चालू असला की आमोद आवाज चढवत नाही. बाहेरच्या बायका ऐकत असतात ना! मागच्या महिन्यात तो स्वयंपाकघरात आला, ताट पडलं, तर दीपालीताई लगेच म्हणाल्या, 'जास्वंद, काय वाजलं गं?' तो तसाच मागे फिरला. माझं कोपर ओट्याला लागलं होतं, आता बरं आहे. माइक चुकून चालू राहतो असं त्याला वाटतं. मी तो मुद्दाम चालू ठेवते, हे फक्त तुला सांगतेय. त्याला सांगू नकोस.

घरी आलेलं टपाल आधी सासूबाई फोडतात. उत्तर आमच्या इमारतीत तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या आम्रपालीताईंच्या पत्त्यावर पाठव. पत्ता मागे लिहिला आहे. नक्की तिथेच पाठव हं.

तुझी स्पृहा

कसबा पेठ, पुणे
१७ जानेवारी

चि. आमोदराव व चि. सौ. स्पृहा यांस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

स्पृहाने मला शिवणवाल्या बाईंच्या पत्त्यावर गुपचूप उत्तर पाठवायला सांगितलं होतं. मी या वयात चोरटं टपाल शिकणार नाही. जावयाच्या पाठीमागे भाचीशी खलबतं करणं माझ्या शिस्तीत बसत नाही, म्हणून दोघांच्या नावे आणि दोघांच्या घरी लिहिते आहे.

आमोदराव, आपली तक्रार खरी आहे. उलट आपण एक तास बावीस मिनिटं कमी सांगितलीत. आमची जास्वंद कुठल्याशा खेळात परक्या बायकांशी गप्पा मारते, आणि तिने कबूल केलंय की माइक ती मुद्दाम चालू ठेवते, आपण आवाज चढवू नये म्हणून. म्हणजे घरच्या माणसावर अकोल्याच्या बाईंचा पहारा! वाचून मला प्रथम हसू आलं, मग संताप. आवाज कुणाच्या घरात चढत नाही?

माझं ऐका. फोन आपल्या ताब्यात घ्या, चाळीस दिवस. ती रडेल, चिडेल, जेवणार नाही म्हणेल. शाळेत अशा मुली मी पुष्कळ पाहिल्या, पंधरा दिवसांत सरळ येतात. थोडा धाक लागला तर लावावा, माझी हरकत नाही. तिच्या भल्याचंच आहे.

स्पृहा, आज माझा राग येईल. येऊ दे.

आपली
श्यामलामावशी

बिबवेवाडी
२४ जानेवारी

आदरणीय मावशी यांस,

सादर नमस्कार. आपले पत्र मिळाले. आपण केलेले मार्गदर्शन योग्य आहे. मोबाईल श्री. आमोद यांच्याकडे दिला आहे. मला आता बरे वाटते. घरकामात लक्ष लागते. सासूबाईंची सेवा करते. झालेल्या चुकीबद्दल मी सर्वांची माफी मागितली आहे. आपण काळजी करू नये. फोनही करू नये, कारण फोन ऐकून माझे मन विचलित होते.

आपली आज्ञाधारक,
सौ. स्पृहा आमोद देवकुळे

कसबा पेठ, पुणे
३० जानेवारी

चि. आमोदराव व चि. सौ. स्पृहा यांस,

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून गुडघ्याचं दुखणं निम्मं झालं. काय ते अक्षर, एक खाडाखोड नाही! 'आज्ञाधारक' एवढं लिहायची गरज नव्हती, पण असो, जास्त झालं तरी चांगल्याच बाजूने झालंय. आमोदराव, इतक्यात सैल सोडू नका. अजून महिना जाऊ द्या. बरं वाटायला लागलं की औषध सोडतात आणि मग दुखणं उलटतं. स्पृहा, फेब्रुवारीअखेर मी जिना उतरायला लागले की पुरणपोळ्या घेऊन येते.

आपली
श्यामलामावशी

आम्रपालीताईंचं दुकान, बिबवेवाडी
९ फेब्रुवारी

मावशी,

हे मी बोलतेय आणि आम्रपालीताई लिहितायत. सासूबाई दुपारच्या झोपल्या आहेत. मला पेन धरता येत नाही. का ते सांगते.

तुझं पहिलं पत्र, दोघांच्या नावाचं, एकवीस तारखेला आलं. सासूबाईंनी फोडलं आणि आमोद ऑफिसमधून येईपर्यंत फ्रिजवर ठेवलं. त्याने ते उभ्यानेच मोठ्याने वाचलं. 'मुद्दाम' या शब्दाशी थांबला. म्हणाला, 'मुद्दाम ठेवतेस?' मग माझा फोन ओट्यावर ठेवून त्याचा वरवंट्याने चुरा केला. काचा पिठात उडाल्या. नंतर वरवंटा जागेवर ठेवला आणि कमरेचा पट्टा काढला. प्रत्येक फटक्याला म्हणत होता, 'आता सांग तुझ्या दीपालीला. सांग ना. काय वाजलं?' मी मोजत होते. एकोणीसनंतर मोजता आलं नाही.

हे नवं नाही, मावशी. लग्नाला चार महिने झाले तेव्हा पहिल्यांदा त्याने मारलं. कोपर ओट्याला लागलं नव्हतं, त्याने पिरगाळलं होतं. मी तुला अर्धंच लिहिलं. सगळं लिहायची लाज वाटली, आणि तुझ्यासमोर हार कबूल करायची सवय तू मला लावलीच नाहीस. चोवीस तारखेचं पत्र त्याने सांगितलं तसं मी लिहिलं. पट्टा टेबलावर होता. तू त्यातल्या अक्षराचं कौतुक केलंस.

परवाच्या गुरुवारी मी खाली आले आणि आम्रपालीताईंचा फोन मागितला. खरं सांगते, मदत मागायला मागितला नाही. पोलिसांना लावावा, तुला लावावा, हे सुचलंसुद्धा नाही. मी तो खेळ उघडला. सोळा दिवस झाले होते. दीपालीताई ओरडल्या, 'जास्वंद! जिवंत आहेस का गं?' मी हसत होते आणि रडत होते. आमोद त्या दिवशी लवकर आला होता. दुकानाच्या दारात उभा होता.

त्याने मला केस धरून तीन मजले वर ओढलं. चपला खालीच राहिल्या. घरात आल्यावर माझा उजवा हात बाहेरच्या लोखंडी दाराच्या चौकटीत धरला आणि म्हणाला, 'हाच अंगठा फिरतो ना?' आणि दार आपटलं. पहिल्यांदा नख गेलं. मी ओरडले तेव्हा आतून सासूबाई म्हणाल्या, 'आमोद, शेजारी ऐकतील.' मग त्याने माझ्या तोंडात ओढणी कोंबली आणि पुन्हा आपटलं. दुसऱ्यांदा हाड मोडलं, तो आवाज मला ऐकू आला.

तो मला मारून टाकणार आहे. ये. तुला येता येत नसेल तर कोणालातरी पाठव. या वेळी मात्र घरी लिहू नकोस, फोनही करू नकोस.

स्पृहा

कसबा पेठ, पुणे
१३ फेब्रुवारी

चि. सौ. स्पृहास,

आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं आम्रपालीबाईंच्या पत्त्यावर लिहिते आहे. परंतु आमोदरावांना फोन केल्याशिवाय मला राहवलं नाही. ते रडले गं. न्हाणीघरात तुझा पाय घसरला, आधाराला दार धरायला गेलीस आणि अंगठा सापडला, असं म्हणाले. फोन गेल्यापासून तुला भास होतात असंही म्हणाले. माझ्यासमोर दोन पत्रं आहेत. एक तुझ्या हस्ताक्षरातलं, दुसरं परक्या बाईच्या. मी कोणतं खरं धरू? काही अतिरेक झाला असेल तर तो चूकच, तसं मी त्यांना बजावलं आहे. महिनाअखेर येते आणि दोघांना समोर बसवून ऐकते. तोवर उगाच शब्द वाढवू नकोस.

मावशी

सरकारी दवाखाना, पुणे
१९ फेब्रुवारी

श्यामलामावशी,

अक्षर पुन्हा परक्या बाईचंच आहे. खरं धरायचं की नाही ते तू ठरव.

तुझा फोन झाला त्याच संध्याकाळी त्याने मला विचारलं, 'मावशीला काय काय कळवलंस?' मी पोळ्या करत होते. त्याने मानेला धरून माझं तोंड पेटलेल्या शेगडीकडे दाबलं. डावीकडची भुवई जळाली, केस जळाल्याचा वास आला. तेव्हा माझ्या डाव्या हातात तवा आला आणि मी तो त्याच्या गालावर मारला. तापलेला होता. तो ओरडला, मी पळाले. मला वाईट वाटलं का? नाही. आणखी एक मारायला हवा होता असंच वाटतंय.

आम्रपालीताईंनी रिक्षात घातलं आणि चौकीत नेलं. त्या माझ्या बाजूने तासभर बोलत होत्या. मग आमोद आला. गालाला पट्टी आणि हातात प्लास्टिकची फाईल. फाईलमध्ये तुझी पत्रं होती, तारखेप्रमाणे लावलेली. त्याने साहेबांना वाचून दाखवलं, 'थोडा धाक लागला तर लावावा, माझी हरकत नाही.' आणि म्हणाला, 'हे तिच्या माहेरचं म्हणणं आहे. बायको मोबाईलने वेडी झालीये, तिने मला भाजलं.' तिथल्या पोलीसबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'ही तुमचीच मावशी का?' मी हो म्हटलं. मारताना त्याने ओढणी कोंबली होती, तेव्हाही मला इतकं गुदमरलं नव्हतं.

त्याने माझ्यावर उलट तक्रार दिली आहे. सोमवारी जबाब आहेत. मला तुझी माफी नको. तू चौकीत ये आणि तुझ्या पत्रांबद्दल तुझ्या तोंडाने सांग. जिना उतरता येत नसेल तर बसून उतर, एकेक पायरी.

स्पृहा

कसबा पेठ, पुणे
२५ फेब्रुवारी

स्पृहा,

बसूनच उतरले. अडतीस पायऱ्या, चाळीस मिनिटं. मधल्या मजल्यावरच्या लोकांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, भाचीला मारायला मीच परवानगी दिली होती, ती मागे घ्यायला चाललेय. त्यांना काही कळलं नाही. बरं झालं.

चौकीत आमोद माझ्या पाया पडायला वाकला. मी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. साहेबांनी फाईल पुढे केली आणि विचारलं, ही पत्रं आपली का? मी म्हटलं, अक्षर न् अक्षर माझं. मग त्यांनी विचारलं, धाक म्हणजे तुम्हाला काय अभिप्रेत होतं? एकतीस वर्षं मी प्रश्न विचारले. असा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. 'रागावणं' असं उत्तर तयार होतं. ते दिलं नाही.

जे सांगितलं ते तूही कधी ऐकलेलं नाहीस. तू आमच्याकडे आलीस त्याच्या आदल्या वर्षी तुझे काका गेले. त्यांच्याबरोबर मी एकवीस वर्षं राहिले. त्यांचा हात लाकडी पट्टीने चालायचा, पाठीवर आणि पोटऱ्यांवर, साडीखाली झाकेल तिथे. एकदा पट्टी मोडली तर दुसरी मीच शाळेतून आणून ठेवली, नाहीतर ते हाताला येईल ते घेत. त्यांनी दार लावलं की मी रेडिओ मोठा करायचे. साऱ्या इमारतीत माझ्या गाण्याच्या आवडीचं कौतुक होतं. मला गाण्यातलं काही कळत नाही, स्पृहा. मी आवाज वाढवायचे तो माझं ओरडणं कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तू माइक चालू ठेवत होतीस तो ऐकू जावं म्हणून. माझ्यापेक्षा तू शहाणी निघालीस, आणि तुझं ते शहाणपण मी पाकिटात घालून त्याच्या हातात दिलं.

खरं सांगू? तुझ्या पहिल्या पत्रातलं ते कोपर मला कळलं होतं. अशी कोपरं मी स्वतः लोकांना सांगितलेली आहेत. ते मान्य केलं असतं तर माझी एकवीस वर्षंही मान्य करावी लागली असती. म्हणून तुझ्या फोनवर चिडले.

हे सगळं जबाबात चार पानं झालं. त्या पोलीसबाई लिहिताना दोनदा थांबल्या. आम्रपालीबाईंचाही जबाब झाला. तुझ्या हाताचे डॉक्टरांचे कागद आले, नुसता अंगठा सापडून हाड असं मोडत नाही, दार जोराने दोनदा आपटलेलं आहे, असं त्यात आहे. आमोदला अटक झाली. तो जाताना मला म्हणाला, 'तुम्हीच सांगितलं होतं.' मी म्हटलं, 'हो. ऐकायला कोणी सांगितलं होतं?' पण घरी येईपर्यंत त्याचंच वाक्य कानात राहिलं, माझं नाही.

माफी नको म्हणालीस, म्हणून मागत नाही. मागच्या खोलीतली तुझी कॉट रिकामी केली आहे. ये.

श्यामला

बिबवेवाडी
१२ मार्च

मावशी,

हे मी स्वतः लिहिलंय, डाव्या हाताने. म्हणून थोडं आहे.

मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. रागाने नाही म्हणत. तुझ्या घरात मला सारखं शहाणं असावं लागतं आणि सध्या तेवढी ताकद नाही. आम्रपालीताईंच्या दुकानामागच्या खोलीत राहते. एका हाताने बटणं लावते. तू जबाब दिलास त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले. एवढं तुला कळायला हवं.

बुधवार पेठेतून एक जुना फोन घेतला. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी तास लिहून ठेवायला सांगितले आहेत. काल अकरा होते. आधीपेक्षा जास्त. आमोद अजून कोठडीत आहे, आता मला मारणारं कोणी नाही, खोलीला कडी आहे, पुढे दुकानात माणसं आहेत, तरी माइक बंद करायला हात धजत नाही. बाई म्हणाल्या, भीती माणसाबरोबर जात नाही, ती मागे राहते, तिला वेळ लागतो. तुझा रेडिओ कधी बंद झाला गं? भेटशील तेव्हा सांग.

आज संध्याकाळी पाच वाजता मी स्वतःहून माइक बंद केला. खोली इतकी गप्प झाली की माझे दात वाजायला लागले. उठून कडी पाहिली. बसले. पुन्हा उठून पाहिली. अकरा मिनिटं टिकले, मग लावला. दीपालीताईंनी लगेच विचारलं, 'कुठे गेली होतीस गं?'

मी म्हटलं, 'घरीच होते.'

स्पृहा